विश्लेषण : वर्डमधील जुनी समीकरणे ‘गोठली’ कशी? नवी लिहायची कशी?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका, नोट्स किंवा प्रबंधाची वर्ड फाइल आज उघडली, तर मजकूर नीट दिसतो, समीकरणेही दिसतात. पण समीकरणातला एखादा आकडा बदलायला त्यावर दोनदा क्लिक केले की अडते. समीकरण डोळ्यांसमोर असते, पण हात लावता येत नाही. अनेक शिक्षकांना आणि प्रबंध लिहिणाऱ्यांना हा अनुभव आला आहे. अनेकांनी संगणकाला, विंडोजला किंवा टायपिंग करून देणाऱ्याला दोष देऊन सगळी समीकरणे पुन्हा टाइप केली आहेत. प्रत्यक्षात हा बिघाड नाही. मायक्रोसॉफ्टने ९ जानेवारी २०१८ रोजी समजून-उमजून घेतलेल्या निर्णयाचा हा परिणाम आहे.

२०१८ मध्ये काय काढून टाकले?

वर्डमध्ये पूर्वी ‘इक्वेशन एडिटर ३.०’ नावाचे छोटे उपकरण होते. ‘इन्सर्ट’मधून ‘ऑब्जेक्ट’ निवडले की एक वेगळी खिडकी उघडायची, तीत अपूर्णांक, वर्गमूळ, सिग्मा असे साचे असायचे आणि खिडकी बंद केली की समीकरण कागदावर उमटायचे. हे उपकरण मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेले नव्हते. अमेरिकेतील डिझाइन सायन्स या कंपनीचे ‘मॅथटाइप’ हे सॉफ्टवेअर १९८७ पासून बाजारात होते. त्याचीच साधी आवृत्ती परवान्याने घेऊन वर्डसोबत दिली जात होती.

ऑफिस २००७ आले तेव्हा वर्डमध्ये समीकरणांची नवी सोय झाली. पण जुन्या फायली उघडता याव्यात म्हणून जुना संपादकही आत तसाच ठेवला गेला. तो ‘ईक्यूएनईडीटी३२’ या नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता आणि नोव्हेंबर २००० मध्ये तयार झाल्यापासून जवळजवळ जसाच्या तसा चालत होता. मधल्या काळात वर्डभोवती सुरक्षेच्या अनेक भिंती उभ्या राहिल्या. हा प्रोग्राम वर्डच्या बाहेर वेगळा चालत असल्याने त्या भिंतींचा त्याला काही उपयोग नव्हता. घराला नवे कुलूप बसवावे आणि परसातली जुनी खिडकी उघडीच राहावी, तसे हे झाले.

२०१७ मध्ये ‘एम्बेडी’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती खिडकी दाखवून दिली. समीकरणाच्या आत त्यातील फॉन्टचे नाव साठवलेले असते. ते नाव वाचताना हा प्रोग्राम त्याची लांबी तपासत नव्हता. ठरलेल्या जागेत न मावणारे लांबलचक नाव दिले की जादा अक्षरे शेजारच्या स्मृतीत सांडायची आणि त्या अक्षरांमध्ये हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा लपवता यायच्या. ईमेलमधून आलेली वर्ड फाइल नुसती उघडली तरी संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. ही त्रुटी सतरा वर्षे तशीच पडून होती.

मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी दुरुस्ती दिली. ती तपासणाऱ्या तज्ज्ञांना एक विचित्र गोष्ट आढळली. मूळ सोर्स कोड बदलून प्रोग्राम नव्याने बांधल्याच्या खुणा नव्हत्या, तर तयार प्रोग्राममधील बाइट थेट बदललेले दिसत होते. मूळ कोड उरलेलाच नसावा, असा तर्क त्यावरून लढवला गेला. लवकरच त्याच प्रोग्राममध्ये आणखी त्रुटी सापडल्या. मग ठिगळे लावत बसण्यापेक्षा जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो प्रोग्रामच काढून टाकण्यात आला. एवढे होऊनही ज्या संगणकांवर अपडेट पोहोचले नाही, तिथे ही वाट वापरली जात राहिली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने मे २०२० मध्ये, २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या दहा त्रुटींची यादी जाहीर केली. समीकरण संपादकाची ही त्रुटी तीत होती. चोरीची प्रत वापरणारे आणि अपडेट बंद ठेवणारे संगणक आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून ही माहिती फक्त इतिहास म्हणून वाचून चालणार नाही.

मग जुन्या फायलींचे काय करायचे?

समीकरणे गेलेली नसतात. त्यांचे चित्र आणि आतली माहिती फाइलमध्येच असते, फक्त ती माहिती उघडणारा प्रोग्राम नसतो. वर्डच्या २०१८ च्या मध्यानंतरच्या सदस्यत्वाच्या आवृत्त्यांत अशा समीकरणावर दोनदा क्लिक केले की ते नव्या स्वरूपात बदलायचे का, असे विचारले जाते. फाइलमधील सगळी समीकरणे एकदम बदलण्याचा पर्यायही तिथेच असतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मगच हे करावे, कारण बदल एकाच दिशेने होतो आणि गुंतागुंतीच्या समीकरणांत एखादे चिन्ह इकडचे तिकडे होऊ शकते.

वर्ड जुने असेल तर दोन मार्ग आहेत. मॅथटाइप विकत घेऊन ती समीकरणे उघडता येतात. ही कंपनी २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या ‘विरिस’कडे गेली आहे. दुसरा मार्ग फुकट आहे. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडताना मॅथटाइपची समीकरणे स्वतःच्या पद्धतीत रूपांतरित करण्याची सोय ‘ऑप्शन्स’मधील ‘लोड/सेव्ह’ विभागात आहे.

गणित टाइप करणे इतके अवघड का?

साधा मजकूर एका ओळीत डावीकडून उजवीकडे जातो. गणित मात्र वर-खालीही वाढते. अंशाखाली रेघ, रेघेखाली छेद, छेदात वर्गमूळ, वर्गमूळात पुन्हा अपूर्णांक. वर्गमूळाचे छप्पर आतल्या मजकुराएवढे लांब हवे, कंस आतल्या अपूर्णांकाएवढे उंच हवेत. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे सगळे हाताने जुळवावे लागे आणि इंग्रजी छपाईच्या धंद्यात गणिताच्या मजकुराला ‘पेनल्टी कॉपी’ म्हणत. तो जुळवायला वेळ जास्त, म्हणून दरही जास्त.

संगणकावर या प्रश्नाला भिडणारे पहिले महत्त्वाचे काम अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाले. ब्रायन कर्निगन आणि लोरिंडा चेरी यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘ईक्यूएन’ ही छोटी भाषा तयार केली. फळ्यावरचे समीकरण फोनवरून कुणाला वाचून दाखवावे, साधारण तसेच ते टाइप करायचे, ही तिच्यामागची कल्पना होती. याच सुमारास डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्याच ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर झाली होती, ही फोटोच्या तंत्राने. पाने पाहून ते इतके नाराज झाले की १९७७ मध्ये हातातले लेखन थांबवून त्यांनी अक्षरजुळणीचा स्वतःचाच प्रोग्राम लिहायला घेतला. तो म्हणजे ‘टेक’. थोड्या महिन्यांत आटोपेल असे वाटलेल्या कामाने पुढची कित्येक वर्षे घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात त्यावर ‘लाटेक’चा सोपा थर चढवला आणि गणित, भौतिकशास्त्राचे शोधनिबंध आजही बहुतांशी त्यातच लिहिले जातात. टेकच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या क्रमांकात पायच्या किमतीतला एकेक दशांश वाढत जातो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे. गणितज्ञाचा विनोद असाच असायचा!

वर्डने मग काय वेगळे केले?

वर्ड २००७ मध्ये समीकरण हे बाहेरून आणून चिकटवलेली वस्तू राहिले नाही, ते मजकुराचाच भाग झाले. या कामामागे मरी सार्जंट हे प्रमुख नाव. ते मूळचे लेझर भौतिकीचे प्राध्यापक, म्हणजे समीकरणे टाइप करण्याचा जाच स्वतः सोसलेले. गणिती चिन्हांसाठी ‘कॅम्ब्रिया मॅथ’ हा खास फॉन्ट तयार झाला. गणिताच्या जुळणीचे जे नियम कनूथ यांनी टेकसाठी बसवले होते, त्यांचा आधार इथेही घेतला गेला.

सुरुवात मात्र गोड झाली नाही. ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या दोन्ही नियतकालिकांनी २००७ मध्ये नव्या वर्डच्या फायली घ्यायला नकार दिला. त्यांची छपाईची यंत्रणा जुन्या समीकरणांवर चालत होती. फाइल जुन्या ‘डॉक’ स्वरूपात साठवून पाठवावी, तर नव्या समीकरणांची चित्रे होऊन जात. ही अडचण आजही टिकून आहे. कार्यालयाच्या सांगण्यावरून फाइल ‘वर्ड ९७-२००३’ स्वरूपात साठवली की समीकरणांची चित्रे होतात, आणि तशी फाइल उघडल्यावर ‘इक्वेशन’चे बटण फिकट पडून दाबलेच जात नाही. ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी खिडकीच्या माथ्यावर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लिहिले आहे का, ते पाहावे. फाइल ‘डॉकएक्स’मध्ये साठवली की बटण जागे होते.

प्रत्यक्ष समीकरण कसे लिहायचे?

‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘इक्वेशन’ दाबणे हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग. त्या बटणाखालच्या बाणात वर्गसमीकरणाचे सूत्र, पायथागोरसचे प्रमेय, द्विपद प्रमेय अशी तयार समीकरणेही असतात. पण साच्यांवर माउस फिरवत समीकरण बांधणे हे एकेका विटेसाठी बाजारात जाण्यासारखे आहे. खरा वेग कळफलकावरूनच येतो आणि बहुतेकांना तेच कुणी सांगितलेले नसते.

‘ऑल्ट’ आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की समीकरणाची चौकट उघडते. मॅकवर ‘ऑल्ट’ऐवजी ‘कंट्रोल’. आत (अ+ब)/क असे सरळ टाइप करून स्पेसबार दाबला की त्याचा उभा अपूर्णांक होतो. कंस आपोआप नाहीसे होतात, कारण ते फक्त कुठून कुठपर्यंत अंश आहे हे सांगण्यासाठी होते. कंस न घालता अ+ब/क लिहिले तर रेघेवर फक्त ब जातो. हीच चूक सर्वांत जास्त होते. कंस छापीलही हवे असतील तर ते दुहेरी घालावेत. घातांकासाठी टोपीचे चिन्ह, म्हणजे सहाच्या कळीवरचे, आणि पायाशी लिहायच्या अंकासाठी अंडरस्कोर. ग्रीक अक्षरासाठी बॅकस्लॅश देऊन पुढे अक्षराचे इंग्रजी नाव आणि मग स्पेस. वर्गमूळासाठी बॅकस्लॅशपुढे ‘एसक्यूआरटी’ ही चार अक्षरे. मॅट्रिक्स लिहिताना स्तंभ ‘अँड’च्या चिन्हाने आणि ओळी ईमेलमधल्या ‘अॅट’च्या चिन्हाने वेगळ्या करतात. स्पेसबार इथे शब्द तोडत नाही, ‘आता हे बांध’ अशी आज्ञा देतो. हे एकदा लक्षात आले की निम्मे कोडे सुटते.

छेद लिहून झाल्यावर पुढचे पद छेदातच घुसते, हाही नेहमीचा वैताग. उजवा बाण दाबून आधी अपूर्णांकाबाहेर पडावे लागते. चूक खोल कुठेतरी दडली असेल तर चौकटीच्या कडेच्या बाणातून समीकरण ‘लिनियर’ करावे. सगळे एका ओळीत सपाट होते, चूक दिसते, दुरुस्त करून पुन्हा ‘प्रोफेशनल’ करता येते.

एकच समीकरण कधी ऐसपैस तर कधी आक्रसलेले का दिसते? समीकरण स्वतंत्र ओळीत एकटे असेल तर वर्ड ते पूर्ण आकारात मांडते. त्याच ओळीत एक शब्द जरी टाइप केला, अगदी पूर्णविराम दिला, तरी ते वाक्याचा भाग मानले जाते. अपूर्णांक बारीक होतात, सिग्माच्या वर-खालच्या मर्यादा बाजूला सरकतात. हा दोष नाही, ओळींमधले अंतर बिघडू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. अनेक पायऱ्यांचे गणित सोडवून दाखवायचे असेल तर पायरीगणिक नवी चौकट न उघडता ‘शिफ्ट’ आणि ‘एंटर’ने त्याच चौकटीत खाली यावे. मग सगळ्या पायऱ्या निवडून राइट क्लिकमध्ये बरोबरच्या चिन्हाशी जुळवण्याचा पर्याय मिळतो.

समीकरणाला उजवीकडे क्रमांक देण्यासाठी अदृश्य रेघांचे तक्ते आखण्याची पद्धत प्रबंधलेखकांमध्ये अजूनही आहे. अलीकडच्या वर्डमध्ये त्याची गरज नाही. समीकरणाच्या शेवटी हॅशचे चिन्ह आणि कंसात क्रमांक लिहून ‘एंटर’ दाबले की समीकरण मध्ये आणि क्रमांक उजव्या कडेला जातो.

लाटेक येणाऱ्यांना वर्डमध्ये तीही वाक्ये चालतात. ‘इक्वेशन’च्या पट्टीत ‘लाटेक’ निवडायचे, मजकूर चिकटवायचा आणि ‘कन्व्हर्ट’ दाबायचे. चॅटबॉटकडून गणित सोडवून घेणाऱ्यांना याचा उपयोग आहे. तिथले उत्तर वर्डमध्ये आणले की अनेकदा डॉलरची चिन्हे आणि बॅकस्लॅश यांचे रान माजते. ती गडबड म्हणजे लाटेकच असते. दोन्हीकडचे डॉलर काढून उरलेला भाग चौकटीत टाकला की तो नीट बांधला जातो.

वर्ड की लाटेक हा वाद मात्र चहाच्या टपरीवर क्रिकेटचा व्हावा तसा विद्यापीठांतून होत असतो. जर्मनीतील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये ४० जणांकडून दोन्हींत ठरावीक पाने टाइप करून घेतली. साध्या मजकुरात आणि तक्त्यांत लाटेकचे जाणकारही मागे पडले. समीकरणांनी भरलेल्या पानात मात्र लाटेक सरस ठरले. वापरताना मजा येते, असे सांगणारेही लाटेकवालेच जास्त निघाले.

गूगल डॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये?

गूगल डॉक्समध्ये ‘इन्सर्ट’मधून ‘इक्वेशन’ मिळते, बॅकस्लॅशची पद्धतही चालते. चिन्हे मात्र मर्यादित आहेत आणि समीकरणांना आपोआप क्रमांक देण्याची सोय नाही. शाळेच्या गृहपाठाला पुरेसे, प्रबंधाला अपुरे. लिब्रेऑफिसमध्ये समीकरण शब्दांत लिहायचे असते, म्हणजे अंश महिरपी कंसात, मग ‘ओव्हर’ हा शब्द, मग छेद. रायटरमध्ये इंग्रजी ‘एफएन’ टाइप करून ‘एफ ३’ दाबले की क्रमांकासह समीकरण येते. ही सोय तिथे कित्येक वर्षे आहे.

मराठीतून गणित लिहिताना काय अडते?

‘वेग बरोबर अंतर भागिले वेळ’ हे सूत्र चौकटीत मराठीत लिहायला गेले की मात्रा, वेलांट्या आणि फॉन्टचा घोळ सुरू होतो. कॅम्ब्रिया मॅथमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, आणि चौकटीत वर्ड प्रत्येक अक्षराकडे चलपद म्हणून पाहते. ‘वेग’ हा शब्द आहे हे त्याला सांगावे लागते. शब्द निवडून पट्टीवरचे ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबले की त्या भागाला हवा तो मराठी फॉन्ट देता येतो. लिब्रेऑफिसमध्ये शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचे.

खरी पंचाईत युनिकोडपूर्व फॉन्टवर काम करणाऱ्यांची होते, आणि प्रश्नपत्रिका टाइप करून देणाऱ्या अनेक डीटीपी केंद्रांत आजही असेच फॉन्ट आहेत. त्यात पडद्यावर ‘वेग’ दिसला तरी फाइलमध्ये भलतीच रोमन अक्षरे साठवलेली असतात. चौकटीत फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो आणि अगम्य अक्षरे समोर येतात. मग टायपिस्ट जुना उपाय करतो. अंश लिहून त्याला अधोरेखा द्यायची, खालच्या ओळीत स्पेस मारत छेद जुळवायचा. छापून झाले तर ठीक. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की छेद कुठेतरी पानाच्या मध्यावर आणि विद्यार्थी गोंधळात.

समीकरणाचे चित्र चिकटवले तर काय बिघडते?

घाईच्या वेळी फळ्याचा किंवा पुस्तकातला फोटो चिकटवणे सोपे असते. मोठे केले की ते फुटते, आतला आकडा बदलता येत नाही, शोधता येत नाही. पण उलट बाजूनेही तितकाच धोका आहे. रचना नसलेला मजकूर व्हॉट्सअॅपवर किंवा अर्जाच्या रकान्यात चिकटवला की वर चढवलेला अंक खाली उतरतो. १० चा पाचवा घात, म्हणजे एक लाख, बघता बघता १०५ होतो. प्रश्नपत्रिकेत असे झाले तर प्रश्नच बदलतो.

सर्वाधिक फटका अंध विद्यार्थ्यांना बसतो. स्क्रीन रीडर चित्राजवळ येऊन ‘चित्र’ एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. नुसते शब्द वाचूनही भागत नाही. ‘एक भागिले क्ष अधिक एक’ हे ऐकून अधिक एक छेदात आहे की बाहेर, हे कसे कळणार? समीकरणाची रचना फाइलमध्ये असेल तरच वाचक प्रोग्रामला ‘इथे अपूर्णांक सुरू, इथे संपला’ हे सांगता येते. या प्रश्नावरचे पायाभूत काम पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांचे आहे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. त्यांनी पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली आणि आयआयटी मुंबईत शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथे १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीसाठी त्यांनी लाटेकमधील समीकरणे आवाजाच्या चढउतारांतून ऐकवणारी ‘अॅस्टर’ ही प्रणाली बनवली. घातांक आला की आवाजाची पट्टी चढायची, पायाशी लिहिलेला अंक आला की उतरायची. प्रणालीला नाव दिले ते त्यांना वाट दाखवणाऱ्या लॅब्रेडॉर कुत्रीचे.

वेबसाठी ‘मॅथएमएल’ हे समीकरणांचे मानक १९९८ मध्येच ठरले होते. फायरफॉक्सने त्याला लवकर जागा दिली. क्रोममध्ये ते कायमचे यायला जानेवारी २०२३ उजाडले. वर्डमधील चौकटीतले समीकरण या स्वरूपात बदलता येते. फोटो काढून चिकटवलेले समीकरण मात्र आधी कुणीतरी पुन्हा टाइप करावे लागते.